ठणठणीत बाईचा मनोलेख

पूर्वी लग्न जमवताना पत्रिका बघायचे. मग रक्तगट आला, मग थॅलेसेमियाची तपासणी आली. दोन हजार एक्केचाळीस साली बार्शीत अशी वेळ आली, की मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडली, चहापोहे झाले, हुंड्याचा विषय न काढण्याइतकी दोन्हीकडची माणसं सभ्य निघाली, तरी शेवटी कुणीतरी घसा खाकरून विचारायचंच, "बरं, मनोलेख काढलाय का?"

कुर्डुवाडीच्या करंडेबाईंनीही विचारलं. फोनवर, अगदी गोड आवाजात. "आमचं तसं काही नाही हो वैजूताई, पण हल्ली सगळेच बघतात. आमच्या शार्दूलचा तुम्हाला पाठवलाच आहे. ओवीचाही महिन्याभरात आला, की साखरपुड्याची तारीख धरू."

"पाठवते की! त्यात काय एवढं?" असं हसत म्हणून वैजयंता नागणेनं फोन ठेवला आणि पिठाच्या पोत्यावर मटकन बसली.

वैजयंता म्हणजे कडक भाकरीवाली वैजूवहिनी. तिच्या शेडमध्ये सहा बायका ज्वारीच्या भाकऱ्या थापून कडक करायच्या आणि तिचा नवरा मधुकर त्या टेम्पोत भरून पार पुण्यापर्यंत पोचवायचा. वैजू पंचेचाळीस वर्षांची. आवाज खणखणीत, तोंड त्याहून खणखणीत. ती शेडमध्ये शिरली की हशा पिकलाच म्हणून समजा.

"हो म्हणालीस ना?" सासूबाईंनी दारातूनच विचारलं. आत्याबाई सत्तरीच्या होत्या. त्यांना पलीकडच्या गल्लीतलं ऐकू यायचं, फक्त सांगितलेलं काम तेवढं ऐकू यायचं नाही.

"मग काय नाही म्हणू? पण आत्याबाई, ओवीचं ते विसरलात का?"

कोण विसरणार? वैजूची लेक ओवी अठरा वर्षांची असताना सात महिने भिंतीकडे तोंड करून पडून होती. वैजूनं तिला भरवलं होतं, न्हाऊ घातलं होतं, दवाखान्यात नेलं होतं. पोरगी औषधानं सावरली, शिकली, आता पुण्यात मेट्रोच्या सिग्नल विभागात होती. पाच वर्षांत पुन्हा काही झालं नव्हतं. पण मनोलेखाला जुनंही सापडतं, असं लोक म्हणायचे. तसं काही नसतं हे डॉक्टर ओरडून सांगत होते, पण ऐकतं कोण!

आत्याबाईंनी पदर खोचला. "मनोलेखाच्या त्या पट्टीला काय डोळे असतात? मनगट कुणाचं ते तिला कळतंय होय? घरात सगळ्यात ठणठणीत कोण? तू. मग घाल की तूच, ओवीच्या नावानं."

"आणि ओवी?"

"तिला कशाला सांगतेस? पोरगी तत्त्वाची आहे. उगाच भांडत बसेल."

वैजूला ते पटलं. इतकं पटलं, की दुसऱ्याच दिवशी ती दवाखान्यातल्या मनोलेख केंद्रातून पट्टी घेऊन आली. खिडकीतल्या मुलीनं मान वर करूनही बघितलं नाही.

आता या पट्टीबद्दल चार शब्द सांगायला हवेत. कितीतरी वर्षं आपण नैराश्याला एकच आजार समजत आलो. पण ताप मलेरियाचाही असतो आणि टायफॉइडचाही. औषध वेगळं लागतं. इथंही तसंच निघालं. कुणाच्या अंगात बारीक दाह धुमसत असतो. तो बाहेर दिसत नाही, पण मेंदूपर्यंत पोचतो. कुणाचं शरीरातलं झोपेचं घड्याळ सरकलेलं असतं. कुणाच्या मेंदूत स्वतःबद्दल विचार करणारं जे जाळं असतं, ते एकाच जागी अडकतं आणि तेच तेच दळत बसतं. कुणाला आयुष्यानंच फटका दिलेला असतो, कुणाच्या घराण्यातच थोडी ओढ असते, आणि बहुतेकांत यातल्या दोन-तीन गोष्टी हातात हात घालून येतात. पूर्वी हे ओळखायला काही साधन नव्हतं. डॉक्टर एक गोळी द्यायचे, दीड महिना वाट बघायचे, लागू पडली नाही तर दुसरी. तेवढ्यात रोगी कंटाळून दवाखाना सोडायचा. मनोलेखाची पट्टी अठ्ठावीस दिवस मनगटाला बांधली आणि टिकलीएवढा एक तुकडा कानामागे चिकटवला, की झोप, नाडी, अंगाची ऊब, घामातल्या दाहाच्या खुणा, आवाजातले चढउतार, सगळं टिपलं जायचं. मग यंत्र सांगायचं, की या माणसाचा आजार कोणत्या वाटेनं आलाय. वाट कळली की उपायही नेमका सापडायचा.

शोध लागला होता माणसाला बरं करायला. आपण तो लग्नाच्या यादीत नेऊन बसवला, मानपानाच्या खाली. लग्नासाठी मनोलेख मागायला कायद्यानं बंदी होती म्हणा. हुंड्यालाही होतीच की.

वैजूनं अठ्ठावीस दिवस लांब बाह्यांचे ब्लाउज घातले आणि कानामागचा तुकडा केसांखाली दडवला. शेडमधल्या बायकांनी विचारलं तर "थंडी वाजते गं" म्हणाली, भर मे महिन्यात. सगळ्या खो खो हसल्या, तीही हसली. आत्याबाई पट्टीवर अशी नजर ठेवून होत्या, की पाणी उडालं तरी धावत यायच्या.

बाकी वैजूचा दिवस नेहमीसारखाच चालला होता. पहाटे तीनच्या आतच जाग यायची, मग झोप नाही. आत्याबाई कौतुकानं साऱ्या गल्लीत सांगायच्या, "माझी सून कोंबड्याच्या आधी उठते." जेवण अर्ध्या भाकरीवर आलं होतं, लोक म्हणायचे, बाई उपासाला कडक आहे. दोन वर्षांत तिनं नवी साडी घेतली नव्हती. लोक म्हणायचे, किती साधी! बहिणीकडे जाणं सोडलं, गाणी ऐकणं सोडलं, शेजारणीच्या ओट्यावर टेकणं सोडलं, तर म्हणे बाई कामसू. पिठात मीठ तिचा हात बरोबर घालायचा, पण तोंडात काही टाकलं तरी सगळं सारखंच लागायचं. कधी ती न्हाणीघरात नळ सोडून नुसती बसून राहायची. रडूही यायचं नाही. हे कुणाला सांगावं असं तिला वाटलं नाही, कारण यात सांगण्यासारखं काय आहे हेच तिला कळत नव्हतं. दमलेय, एवढंच ती म्हणायची.

एकोणतिसाव्या दिवशी केंद्रातून फोन आला. डॉक्टर शबनम जमादार स्वतः बोलत होत्या. "ओवी नागणे आहेत का? त्यांना आजच्या आज घेऊन या."

वैजू आत्याबाईंना घेऊन गेली आणि मुलगी पुण्याला आहे, काय ते मला सांगा, असं म्हणाली. डॉक्टरांनी दार लावून घेतलं.

"नोंद तेवीस वर्षांच्या मुलीची आहे," त्या म्हणाल्या. "ही नाडी तेवीस वर्षांची नाही. पाळी जायच्या सुमारास अंगाची ऊब जशी वरखाली होते, तशी यात दिसतेय. मी पोलीस नाही, मला भांडायचंही नाही. पण हा लेख ज्या बाईंचा आहे, त्यांची मला काळजी वाटते. कोण आहेत त्या?"

आत्याबाई छताकडे बघायला लागल्या.

"मीच ती," वैजू म्हणाली आणि हसली. "पण मग तुमचं यंत्र बिघडलंय बघा डॉक्टर. माझ्याइतकी हसणारी बाई अख्ख्या बार्शीत सापडायची नाही."

"तेही यात आलंय. तुम्ही दिवसातून सरासरी चाळीस वेळा हसता. माणूस मनापासून हसतं तेव्हा नाडी उसळते. तुमची अठ्ठावीस दिवसांत एकदाही उसळली नाही, ताई."

वैजूनं बाही मनगटापर्यंत ओढून घेतली.

"जेवणाची चव लागते?"

"अहो, तिच्या हाताला काय चव आहे!" आत्याबाई मध्येच म्हणाल्या. "सारा जिल्हा..."

"आजी, मी त्यांना विचारतेय."

"नाही लागत," वैजू म्हणाली. "दोन वर्षं झाली असतील."

आत्याबाईंनी वळून सुनेकडे पाहिलं. दोन वर्षं दोघी एका ताटलीत चटणी घेऊन जेवत होत्या.

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "आपण नसलेलं बरं, असं कधी मनात येतं?"

"तसं काही नाही हो. म्हणजे... झोपावं आणि उठूच नये असं वाटतं रोज. तेवढं तर सगळ्यांनाच वाटतं ना?"

"नाही ताई," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "सगळ्यांना नाही वाटत."

वैजूला ते खरंच माहीत नव्हतं.

मग डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. तिच्या शरीरातलं घड्याळ सरकलं होतं, वयाच्या बदलानं त्याला आणखी धक्का दिला होता, आणि मेंदूतलं ते जाळं अडकून बसलं होतं. उपाय होता. दहा दिवस डोक्यावर चुंबकीय स्पंदनं द्यायची. ती दुखत नाहीत, नुसती टिकटिक वाजते. सकाळी ठरलेल्या वेळी उजेडासमोर बसायचं, तिच्या वाटेला लागू पडणारी गोळी घ्यायची, आठवड्यातून दोनदा येऊन बोलायचं. आणि तोवर घरात तिला एकटं ठेवायचं नाही. "अशा लेखाच्या दहातल्या सात-आठ बायका महिन्या-दीड महिन्यात सावरतात. उरलेल्यांसाठीही पुढचे उपाय आहेत. पण हे तुमच्या नावावर नोंदवावं लागेल, आणि आधीची नोंद खोटी होती असं लिहून द्यावं लागेल."

वैजू ताडकन उठली. "मग नकोच. मुलीच्या आईला हे आहे म्हटल्यावर करंडे दारात तरी उभे राहतील का? वर फसवलं म्हणतील. डिसेंबरात लग्न होऊन जाऊ दे, मग येते."

"डिसेंबर सात महिन्यांवर आहे. इतके दिवस थांबणं तुमच्या जिवाला धोक्याचं आहे, असं मी स्पष्ट सांगतेय."

"पुसून टाका ते," वैजू म्हणाली आणि दार उघडून बाहेर पडली.

रिक्षात आत्याबाई एक शब्द बोलल्या नाहीत. ही गोष्ट इतकी नवलाची होती, की रिक्षावाल्यानंही मागं वळून पाहिलं. घर आल्यावर त्यांनी वैजूचा हात धरला. "ठणठणीत म्हणून मीच तुला पुढं केलं. एका घरात राहून मला कळलं नाही गं बाई, काय माझे डोळे फुटले होते की काय!" आणि वैजू नको नको म्हणत असताना त्यांनी नातीला फोन लावला.

ओवी दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन थडकली. पाठीवरची सॅक खाली ठेवायच्या आधीच तिचं सुरू झालं. "माझ्या नावानं? मला न विचारता? आई, मी बरी झालेय याची तुला एवढी लाज वाटते?"

"लाज नाही गं, भीती वाटते. तुझं चांगलं व्हावं म्हणून..."

"केंद्रातून फोनवर आलेला तो रिपोर्ट दे इकडे."

ओवी उभ्या उभ्या वाचायला लागली. वाचता वाचता खाली बसली. दोन पन्नासला जाग, दोन बावन्नला जाग, दोन सत्तेचाळीसला जाग. तिला हे सगळं ओळखीचं होतं. तिनं फोन बाजूला ठेवला आणि आईचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. ज्वारीचं पीठ नखांत तसंच होतं.

"आई, मी अंथरुणात पडले म्हणून सगळ्यांना दिसलं. तू उभ्या उभ्या आजारी पडलीस. मी एवढी त्यातून गेलेली, आणि दर रविवारी फोनवर तुझे विनोद ऐकून फोन ठेवायची."

"तुझं लग्न मोडून मला बरं व्हायचं नाही," वैजू म्हणाली.

"आणि लग्नात तू नसलीस तर? मी काय करू त्या लग्नाचं?"

वैजूनं आजवर आपल्या नसण्याचा विचार केला होता, पण त्या विचारात ओवी मांडवात उभी आहे आणि आईची जागा मोकळी आहे, असं कधी दिसलं नव्हतं. ते आता दिसलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ओवीनं तिला रडू दिलं.

"उद्या मी करंड्यांना फोन करून सगळं सांगते," थोड्या वेळानं ओवी म्हणाली.

"तू नाही." वैजूनं नाक पुसलं. "पट्टी मी घातली होती. मीच सांगेन. रविवारी यायचेच आहेत ते."

रविवारी करंडे मंडळी आली. करंडेबाई, त्यांचे यजमान आणि एक काका. शार्दूलला बरं नव्हतं म्हणून तो आला नाही, असं करंडेबाई म्हणाल्या. पोहे झाले. काकांनी घसा खाकरला. "मग, मनोलेखाचं..."

"आलाय," वैजू म्हणाली. ती उठून उभी राहिली. "पण तो ओवीचा नाही, माझा आहे. ओवीला अठराव्या वर्षी नैराश्य आलं होतं. ते पट्टीत दिसेल या भीतीनं तिच्या नावावर मी पट्टी घातली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. आणि निघालं काय, तर ती ठणठणीत आहे आणि आजारी मी आहे. चांगलीच आजारी आहे. उद्यापासून मी उपचार घेणार आहे. तुम्हाला फसवायला निघाले होते, त्याबद्दल हात जोडते. पोरीला बोल लावू नका."

काका काहीतरी पुटपुटायला लागले, तेव्हा इतका वेळ खाली मान घालून बसलेला मधुकर म्हणाला, "थांबा. आणखी काही बोलायचंय का गं तुला?"

"नाही, झालं," वैजू म्हणाली.

करंडेबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या उठल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "कळवतो."

लग्नाच्या बाजारात 'कळवतो'चा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. आत्याबाईंनी पोह्यांच्या बश्या उचलल्या. ओवी तोंड फिरवून खिडकीपाशी उभी राहिली. शार्दूल तिला मनापासून आवडला होता, हे काही लपून राहिलं नाही. वैजूला वाटलं, आता आपण कोसळणार. पण कोसळली नाही. सोमवारी सकाळी ती दवाखान्यात हजर झाली आणि खोट्या नोंदीच्या कागदावर तिनं सही केली.

पहिले चार दिवस काहीच झालं नाही. डोक्यावर टिकटिक वाजायची, वैजू भिंतीकडे बघत बसायची, आत्याबाई बाहेर बाकावर रील बघत बसायच्या. पाचव्या दिवशी वैजू चिडली. परत येताना रिक्षावाल्यानं लांबचा रस्ता घेतला, तर तिनं त्याची अशी खरडपट्टी काढली, की आत्याबाईंनी घरी येऊन फोनवर ओवीला आनंदानं सांगितलं, "अगं, भांडली! खरं खरं भांडली!" नवव्या दिवशी सकाळचे साडेसहा झाले तरी वैजू उठली नाही. घरात एकच गोंधळ उडाला. मधुकरनं तिच्या नाकापुढे हात धरून पाहिला. वैजूनं एक डोळा उघडला आणि म्हणाली, "झोपू द्या की हो जरा!" मधुकर बाहेर येऊन ओट्यावर बसला. डोळे पुसत होता आणि हसतही होता.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मध्ये दोन दिवस असे आले, की पुन्हा सगळं जागच्या जागी आलंय असं वाटलं. डॉक्टर म्हणाल्या, असं होतं, रेघ सरळ वर जात नाही. त्यांनी गोळीची वेळ बदलली. घरानं कामं वाटून घेतली; सकाळची शेड मधुकर उघडायला लागला आणि पहिल्याच दिवशी त्यानं दोनशे भाकऱ्या करपवल्या. महिना झाला तेव्हा वैजूनं बहिणीला बोलावलं, दोघी बाजारात गेल्या आणि येताना वैजूनं हिरव्या मिरचीचा ठेचा चाटून पाहिला. झणका बसला. डोळ्यांत पाणी आलं, कान गरम झाले. "अगंबाई, काय तिखट आहे!" असं ओरडत ती भर बाजारात नाचायचीच बाकी राहिली.

पाचव्या आठवड्यात, दुपारच्या वेळी, करंडेबाई एकट्याच शेडच्या दारात उभ्या राहिल्या. बायकांना बाहेर पाठवून वैजूनं पाट पुढे केला. करंडेबाई पाटावर बसल्या आणि काही न बोलता रडायला लागल्या.

"तुम्हाला आम्ही जो लेख पाठवला ना," त्या म्हणाल्या, "तो शार्दूलचा नव्हता. माझ्या धाकट्या दिराचा होता. त्या दिवशी काका आले होते ना, तेच."

वैजू त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली.

"मग ओवीचा कशाला मागितलात?"

"न मागून कसं चालेल? लोक म्हणाले असते, यांच्यातच काहीतरी खोट आहे!" करंडेबाईंनी डोळे पुसले. "तुम्ही त्या दिवशी उभं राहून बोललात, मला तोंड वर करवेना. वैजूताई, माझं पोरगं सहा महिने झाले, डबा घेऊन कामाला जातो म्हणून निघतं आणि एस.टी. स्टँडवर बसून संध्याकाळी परत येतं. मला चार महिन्यांपूर्वी कळलं. आता आठवडाभर तेही बंद झालंय. खोलीतून बाहेरच येत नाही. मला वाटलं, लग्न झालं की येईल ताळ्यावर. लग्नाचं आता राहू द्या. तुम्हाला ज्यांनी बरं केलं, त्या डॉक्टरीणबाईंचं नाव तेवढं सांगा."

वैजूला त्या काकांचा घसा खाकरणारा चेहरा आठवला आणि तिला असं हसू फुटलं, की आवरेना. करंडेबाई आधी दचकल्या, मग त्याही रडता रडता हसायला लागल्या. दारामागून आत्याबाईंचंही हसणं ऐकू आलं, म्हणजे त्या सगळं ऐकत होत्या.

हसणं थांबल्यावर वैजूनं हात धुतले. "नुसतं नाव नाही सांगत. चला, मी येते." टेम्पोत बसताना तिनं ओवीला फोन केला आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं. "लग्नाचं आमचं आम्ही नंतर बघू," ओवी पलीकडून म्हणाली. "आई, त्याला रागवू नकोस. त्याला खूप सल्लेही देऊ नकोस. आणि मी शनिवारी येतेय असं सांग."

कुर्डुवाडीला शार्दूलची खोली आतून बंद होती. वैजूनं कडी वाजवली नाही. दाराला टेकून खाली बसली आणि आपली सगळी कथा सांगायला लागली. नळ सोडून बसायची ती, मीठ लागायचं नाही ते, झोपावं आणि उठूच नये असं वाटायचं तेही. काही लपवलं नाही. बऱ्याच वेळानं आतून कडी निघाली. दाढी वाढलेला, डोळे खोल गेलेला पोरगा तिच्यासमोर जमिनीवर येऊन बसला.

"काकू," त्यानं विचारलं, "खरंच जातं का हे?"

"जातं. मला विचार," वैजू म्हणाली. "परत आलं, तर परत घालवायचं. आता कसं ते माहीत झालंय. दवाखाना सहापर्यंत उघडा असतो. ऊठ, चप्पल घाल."

शार्दूल उठला.